आखणी

आमच्या घरातून गणपतीचा पाट आषाढातच बाहेर पडतो. आजोबांच्या वेळचा सागवानी पाट. उलटा केला की पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आडनाव आणि खाली 'दीड दिवस'. तो मूर्तिकाराकडे ठेवून आलं की मूर्ती ठरली. पावती नाही, फोटो नाही. पाटाच्या मापाची मूर्ती भाद्रपदात त्याच पाटावर बसून घरी येते. २०१४ च्या पावसाळ्यात हा पाट काखेत मारून मी नेरूळहून शिरवण्याच्या बाजूला, रस्त्याकडेच्या एका मांडवात शिरलो, तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात एक अंतराळसैनिक होता.

खिशात अशासाठी, की त्याचे डोळे बिघडले होते आणि ते मीच बिघडवले होते.

हे प्रकरण काय आहे ते आधी सांगायला हवं, कारण माझ्या सासऱ्यांना ते अजून पटलेलं नाही. 'वॉरहॅमर फोर्टी थाउजंड' नावाचा एक खेळ आहे. रिक प्रीस्टली या गृहस्थांनी तो लिहिला आणि गेम्स वर्कशॉप या इंग्लंडच्या कंपनीने १९८७ साली बाजारात आणला. काळ एकेचाळिसाव्या सहस्रकाचा, सगळ्या विश्वात मारामारी. दोन खेळाडू आपापलं सैन्य टेबलावर मांडतात, टेपने इंच मोजून सैनिक पुढे सरकवतात आणि फासे टाकून कोण मेला, कोण वाचला ते ठरवतात. मी शिंप्याची टेप वापरतो. बुद्धिबळासारखी घरं नसल्यामुळे टेबलावर खरी जमीन लागते. टेकड्या, पडक्या इमारती, फुटलेल्या पाइपलाइनी, सगळं. सैनिक मिळतात ते प्लॅस्टिकच्या चौकटीत सुट्या हातापायांनी. कापा, घासा, चिकटवा, रंगवा. उंची सव्वा इंच. जमीन बहुतेक वेळा आपली आपणच बनवायची. डाव तीन तासांचा, तयारी तीन महिन्यांची. लग्नासारखंच.

या वेडाचं कूळ तसं मोठं आहे. मंगळावरच्यांची पृथ्वीवर स्वारी घडवून आणणाऱ्या एच. जी. वेल्सनेच १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं, खेळण्यातले शिपाई जमिनीवर मांडून लढाई कशी करावी याचं. भला मोठा लेखक, वय सेहेचाळीस, गुडघे टेकून फरशीवर. सासऱ्यांना मी हा दाखला दिला होता. ते म्हणाले, "त्याला नोकरी नव्हती."

मला वेल्स फार उशिरा भेटला. त्याच्या आधी भेटला तो दिवाळीचा किल्ला. वाशीला सिडकोच्या बैठ्या घरांच्या रांगेत आम्ही राहायचो, आणि सहामाही परीक्षा संपली की विटा, गोणपाट आणि चिखल यांची जमवाजमव सुरू व्हायची. आई हळीव पेरायला द्यायची. चार दिवसांत गड हिरवा. चिखल ओला असताना बोटाने पायऱ्या काढायच्या, सुकल्यावर काढल्या तर कडा ढासळतात, हे मला सातव्या वर्षी ठाऊक होतं आणि त्याचा उपयोग पुढे तिसाव्या वर्षी झाला. सिंहासनावरचे महाराज मात्र नेहमी महादरवाजापेक्षा उंच असायचे. तेव्हा ते खटकायचं. आता कळतं की इंग्लंडमधले कारागीरही तेच करतात, डोकी आणि हात मुद्दाम मोठे घडवतात, कारण माणूस टेबलावरून बघणार असतो. त्याला ते 'हिरोइक स्केल' म्हणतात. आमच्याकडचे मावळे विकणारे कुंभार काहीच म्हणत नसत.

एका वर्षी बाबांनी जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' आणून दिलं आणि त्या दिवाळीत मी राजगडाच्या माचीवर पावडरच्या डब्याचं यान उतरवलं. शेजारच्या काकूंना ते अजिबात आवडलं नाही. बाबांनी बराच वेळ बघून एवढंच विचारलं, "उतरलं कुठून? उतरल्यावर माती जळायला नको का?" मग आम्ही दोघांनी मिळून यानाखाली कोळशाची पूड टाकली. टेबलावरच्या जमिनीबद्दल मला मिळालेला तो पहिला धडा. अजून प्रत्येक स्फोटाच्या खड्ड्यात मी कोळसाच उगाळतो.

तर डोळे. शिरस्त्राण घातलेला सैनिक सोपा असतो. डोळ्यांच्या जागी काचा, लाल ठिपका दिला की भागलं. पण सरदार मंडळी बोडक्या डोक्याने लढतात. का, ते कंपनीला ठाऊक. एक डोळा मिलिमीटरभरही भरत नाही. मी व्हिडिओ बघून बघून आठवडाभर खपलो होतो आणि माझा सरदार एकाच वेळी ठाण्याकडे आणि पनवेलकडे बघत होता.

मांडवात दादा आखणी करत बसले होते. दादा पेणजवळच्या हमरापूरचे. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात घराघरात गणपती घडतात. रंग न लावलेल्या कच्च्या मूर्ती तिथून टेम्पो भरभरून गावोगावच्या मांडवांत जातात आणि तिथे रंगतात. दादा दरवर्षी आपल्या मूर्तींबरोबर आषाढात यायचे ते चतुर्थीच्या आदल्या रात्री मांडव रिकामा करूनच परतायचे. अंगाचा रंग पोरं गनने मारायची. पितांबर, शेला, दागिने यांना घरच्या बायकांचा हात. डोळे मात्र दादाच काढणार. त्याला आखणी म्हणतात. शंभरेक मूर्ती डोळ्यांविना ओळीने बसलेल्या आणि हा माणूस पाटल्यावरून सरकत सरकत एकेकीला दृष्टी देत चाललेला.

मी पाट ठेवला, नाव सांगितलं आणि धीर करून खिशातला सरदार काढला.

"हा कोण, साहेब?"

"खेळातला आहे, दादा. अवकाशातला शिपाई."

त्यांनी तो चिमटीत धरून हॅलोजनसमोर फिरवला. ते हसतील अशी माझी तयारी होती. हसले नाहीत. म्हणाले, "रंग जाड झालाय. आणि श्वास घेता घेता काढलायस." पाट ठेवेपर्यंत मी साहेब होतो, रंग बघितल्यावर 'तू' झालो. ती बढती मला तिथल्या तिथे कळली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून, म्हणजे महाप्याहून, मी परस्पर मांडवात गेलो. ब्रश दाखव म्हणाले. मी अभिमानाने तीन शून्यांचा, पाच-सहा केसांचा ब्रश काढला. त्यांनी तो बाजूला ठेवला. "यात रंग राहत नाय. डोळ्यापर्यंत जाईस्तोवर वाटेतच सुकतो." त्यांचा स्वतःचा ब्रश चांगला जाड पोटाचा होता, फक्त टोक सुईसारखं. पोटात रंग साठतो, टोकाला तो उतरत राहतो. परदेशी व्हिडिओत सांगतात की रंग दुधासारखा पातळ करा. मी विचार करायचो, कोणत्या दुधासारखा? पिशवीच्या, की म्हशीच्या? दादांनी वाटीत पाणी घालून रंग ढवळला, नखावर एक रेघ ओढली आणि म्हणाले, "ताकासारखा. पाहुणे वाढल्यावर करतात ना, त्या ताकासारखा." तेवढ्याने माझं काम झालं.

पुढचे सहा-सात दिवस मी तिथे बसत होतो. कोपरं बरगड्यांना टेकवायची. दोन्ही मनगटांच्या गाद्या एकमेकींना चिकटवायच्या, म्हणजे हात कापला तरी ब्रश आणि मूर्ती एकत्रच कापतात. अर्धा श्वास सोडून थांबायचं आणि त्या थांब्यात रेघ ओढायची. आधी अवघड बाजूचा डोळा काढायचा, मग सोप्या बाजूचा त्याच्या जोडीला आणायचा. उलटं केलं की पस्तावलो. पांढरा कधी निव्वळ पांढरा घ्यायचा नाही, त्यात कणभर गुलाबी, नाहीतर मूर्ती दचकल्यासारखी दिसते. हे सगळं ते हातभर मूर्तीवर करत होते. माझ्या सव्वा इंचावर त्यांनी दोनदा प्रयत्न केला, पहिला फसला. मग थोडा विचार करून म्हणाले, "मोठ्या डोळ्यात बुबुळ ठेवतात. एवढ्याशात ठेवायला जागा नाय. तू कपाळापास्नं गालापर्यंत उभी रेघ ओढ आणि वरखाली कातडीचा रंग परत लाव. मधे उरेल ते बुबुळ." पुढे कधीतरी एका नावाजलेल्या परदेशी रंगाऱ्याच्या व्हिडिओत मी हीच युक्ती पाहिली. दादांना ती सापडायला दहा मिनिटं लागली होती आणि त्यांनी त्यासाठी मला चहाही आणायला लावला नव्हता.

पावसाळ्यात स्प्रेचा प्रायमर मारू नये हेही तिथेच उमगलं. आपल्याकडच्या दमट हवेत फवारा वाटेतच अर्धवट सुकतो आणि सैनिकाच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखा बसतो. दादांच्या धंद्याला पावसाळा टाळणं शक्यच नव्हतं, म्हणून ताडपत्रीच्या आत हॅलोजन, पंखे आणि शब्दशः देवावर भरवसा. मी तेव्हापासून जून ते सप्टेंबर प्रायमर ब्रशनेच लावतो. परदेशी रंगाच्या बारा मिलिलिटरच्या डब्या संपल्यावर कॅम्लिनचे रंगही लावू लागलो. १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेल्या त्या कंपनीच्या बाटल्या शाळेपासून घरात होत्याच. सैनिकाला फरक कळला नाही.

शेवटच्या दिवशी मी पैसे विचारले. दादा म्हणाले, "मूर्तीचे दे की."

गणपती गेले आणि २४ सप्टेंबरला मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं. त्या आठवड्यात मंगळाचं टेबल करायचं नाही तर कधी? टेबल म्हणजे दिवाणावर ठेवलेला सहा बाय चारचा प्लायवूड. रंगाचा प्रश्न आईने सोडवला, तिला पत्ता नसताना. तुळशीच्या कुंडीला लावायचा गेरू गॅलरीत पडून होता. मंगळ तांबडा दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे आणि गेरू म्हणजे तरी दुसरं काय असतं. चाळलेली रेती, फेविकॉलचं पाणी आणि वरून गेरूची धूळ, की तयार ग्रह. परदेशात अशा धुळीच्या चिमूटभर डब्या महागड्या किमतीला विकतात; आपल्याकडे रांगोळीवाल्याकडे तोलून मिळते. नारळाच्या करवंट्या पालथ्या घालून वसाहतीचे घुमट केले, वाळवलेल्या चहाच्या चोथ्याचा पालापाचोळा केला (मंगळावर पालापाचोळा कसला, हे बायकोने दाखवून दिल्यावर काढला). तुर्भ्याच्या भंगारवाल्याने मेलेले कीबोर्ड आणि प्रिंटरची आतडी किलोवर दिली. यात लाजण्यासारखं काही नाही. या खेळाच्या सुरुवातीच्या काळात कंपनीच्या स्वतःच्या मासिकाने डिओडरंटच्या रिकाम्या डबीचा उडता रणगाडा करायला शिकवलं होतं. आईची तक्रार एकच होती. "चाळणी मंगळावर गेली. आता पीठ कशाने चाळू?" नवी चाळणी आणून देतो म्हणालो. ते राहूनच गेलं. तिनेच आणली.

डोंगरांसाठी मी सानपाड्याच्या एका मखरवाल्या काकांकडे गेलो. त्याआधी मी एक डोंगर कटरने कापून, घरभर पांढरे दाणे उडवून, वर स्प्रे मारला होता आणि माझ्या डोळ्यांदेखत तो डोंगर खड्डा झाला होता. फवाऱ्यातलं द्रावण थर्मोकोल खातं. काकांना हे ऐकून इतकं हसू आलं की त्यांनी आतल्या पोराला बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी शिकवलं. लाकडी धनुष्याला निक्रोमची तार, ट्रान्सफॉर्मरला जोडलेली. तार लाल होईपर्यंत तापवायची नाही, नुसती गरम. आणि हात ढकलायचा नाही, थर्मोकोल आपणहून उतरला पाहिजे. खिडकी उघडी हवी. कापून झाल्यावर फेविकॉल आणि व्हायटिंगचे दोन हात, मगच रंग. महालाची कमान, मोर, सिंहासन, काकांच्या धनुष्यातून काय काय निघायचं! मला ते कातळाच्या पायऱ्या कापून द्यायचे आणि विचारायचे, "या डोंगरावर देऊळ कुठाय?"

२३ मार्च २०१८ ला राज्याने प्लॅस्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी आणली. बंदी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. गणपतीनंतर खाडीच्या तिवरांत अडकलेल्या त्या पांढऱ्या कमानी मी दरवर्षी पाहत होतो. पण काकांचा हात त्या तारेवर तीस वर्षं बसला होता आणि पुठ्ठा तारेने कापत नाहीत. जुलैमध्ये मी गेलो तेव्हा दुकानात पुठ्ठा, कापड आणि कागदी फुलं होती. काका गिऱ्हाइकाला मखर जोडून दाखवत होते, कागदावरच्या सूचना वाचत वाचत. निघताना त्यांनी मागून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं धनुष्य आणि ट्रान्सफॉर्मर आणून दिला. मी पाकीट काढलं तर म्हणाले, "भंगारात पण घेत नाहीत रे. तू डोंगर काप." मी आता नवा थर्मोकोल विकत घेत नाही, फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांतला कापतो. तार दोनदा बदलली. धनुष्याची मूठ त्यांच्याच अंगठ्याने झिजलेली आहे, त्यामुळे माझा अंगठा आपोआप योग्य जागी बसतो.

डोंगर कसा दिसतो हे मात्र नवी मुंबईनेच दाखवलं. आमचं शहरच मुळात कुणीतरी टेबलावर मांडलेलं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात मांडली, १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आखणी सुरू झाली. टेबलावर जागा मोकळी दिसते. इथे पंचाण्णव गावं होती. दादांचा मांडव पडायचा तो त्यातल्याच एका गावाच्या वेशीवर. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवत होते तेव्हा मी रविवारी लांबून बघायला जायचो. कापलेल्या अंगावर काळ्या बसाल्टचे आडवे थर, मधे तांबूस पट्टा, खाली मुरूम. परदेशी पुस्तकांतले डोंगर तिरपे आणि टोकदार; माझ्या टेबलावरचे सगळे परग्रह सह्याद्रीसारखे पायऱ्यापायऱ्यांचे आणि सपाट माथ्याचे आहेत. खेळायला येणारा एक मित्र म्हणतो, तुझ्या प्रत्येक ग्रहावर ट्रेकला गेल्यासारखं वाटतं. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. माझ्याकडे अजून त्या टेकडीची चार खोकी आहेत, थर्मोकोलची.

२०२० ला मांडव पडलाच नाही. मूर्ती हमरापूरहून कुणाच्या तरी टेम्पोतून आली, वेगळ्याच पाटावर. आमचा पाट त्या वर्षी घरीच राहिला आणि आई दोन दिवस कारण नसताना तो पुसत होती. नंतर मांडव परत आला तेव्हा दादा एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आले होते. दुसरा व्हायचा होता. मुलगा आखणीला बसायचा, दादा मागे स्टुलावर, आणि मुलाने रेघ ओढली की ते काहीच बोलायचे नाहीत. ते काहीच न बोलणं मला ओळखीचं होतं.

माझ्याकडे डोक्याला बांधायचं भिंग आहे, पुढे छोटा दिवा असलेलं. बारीक कामाला आम्ही सगळेच ते वापरतो. २०२२ च्या आषाढात पाटाबरोबर मी तसंच एक नवं भिंग नेलं आणि सोबत एक न रंगवलेला बोडक्या डोक्याचा कप्तान. "सवय करायला हा घ्या," म्हणालो. आठ वर्षांनी काहीतरी दिल्याचं समाधान चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पाटाचीच चौकशी करत राहिलो.

भाद्रपदात मूर्ती आणायला गेलो. पाटावर गणपती, त्याच्या उजव्या पायाशी भिंगाचं खोकं आणि खोक्यावर कप्तान उभा.

"भिंग नको," दादा म्हणाले. "यातून ब्रशचे केस मोजता येतात. डोळा कुठं बघतोय ते कळत नाय."

कप्तान त्यांनी भिंगाशिवाय रंगवला होता. माझं सगळं सैन्य गडद निळं, काळ्या वॉशने मळवलेलं, गंजलेलं. हा गुलाबी अंगाचा. झग्याला पितांबराचा पिवळा, खांद्याच्या पत्र्याला सोनेरी काठ आणि चिलखतावरच्या गरुडाला, बहुधा तो गरुडच आहे म्हणून, गंध. आणि डोळे. मोठे, शांत, सरळ समोर बघणारे; समोर कुणीतरी मोदकाचं ताट घेऊन उभं असावं असे.

या खेळातल्या लोकांची एक जुनी समजूत आहे की ताजा रंगवलेला सैनिक पहिल्याच डावात मरतो. कप्तानाने ती जरा जास्तच मनावर घेतली आहे. गेली कित्येक वर्षं तो दर डावात पहिल्या फेरीत मरतो. मित्र म्हणतो, अरे, त्याला मागे ठेव, डोंगराच्या आडोशाला. पण मागे ठेवला तर त्याला समोरचं दिसणार कसं?